मागं कोणी राहिलंय का?

नाशिकच्या आमच्या सोसायटीतून कुणी परगावी निघालं की पार्किंगमध्ये शिट्टी वाजते. वॉचमनची नव्हे, कंट्रोलर नानांची. गाडीत बसलेल्याने काच खाली करायची. नाना आत डोकावणार, बॅगा मोजायला लावणार, गॅस बंद केला का विचारणार आणि मग मागे वळून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडणार, “मागं कोणी राहिलंय का?” कुणी उत्तर दिलं नाही की डिकीवर तळहाताच्या दोन थापा. थप, थप. ही डबल बेल. आता सुटा.

नव्याने राहायला आलेल्यांना हा प्रकार चमत्कारिक वाटतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका जोडप्याने माझ्याकडे तक्रारही केली. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे तक्रारी माझ्याकडेच येतात. ते दोघं काही परगावी चालले नव्हते, पाथर्डी फाट्यावर भाजी आणायला चालले होते. मी नानांना विचारलं तर म्हणाले, “सेक्रेटरीबाई, लांबची गाडी आन जवळची गाडी असा फरक मी कधी केला नाय. कळवण-सुरगाण्याला जी शिट्टी, तीच मुंबईला.”

नाना एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. मूळचे सायखेड्याचे, पण नोकरीची बहुतेक वर्षं कळवणच्या स्टँडवर गेली. खिडकीत बसायचं, गाड्या नोंदवायच्या, माईकवरून पुकारायचं आणि वेळ झाली की सोडायचं. निवृत्तीनंतर माईक सुटला, बाकी काही सुटलं नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा रंगलेली असताना, अध्यक्ष वाक्याच्या मध्यावर असताना, नानांनी शिट्टी मारून सभा संपवलेली मी पाहिली आहे. “सात ते आठ लिहिलंय फळ्यावर,” एवढंच म्हणाले आणि सतरंजी गुंडाळायला लागले. अध्यक्ष सतरंजीवरच होते.

मी स्वतः वेळेची पक्की आहे. अंबडच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात काम करते, रोज सकाळी दिवसभराच्या कामांची यादी करते आणि संध्याकाळी ती खोडते. त्यामुळे असेल, पण सोसायटीत नानांचं आणि माझंच काय ते जमलं. ते माझ्या याद्यांना ‘शेड्यूल’ म्हणत. दिवाळीच्या तयारीची यादी त्यांनी एकदा पूर्ण वाचली आणि परत देताना म्हणाले, “सगळं बराबर हाय. फक्त थांबा नाय धरलेला. सेक्रेटरीबाई, बिगरथांब्याची गाडी मधीच बंद पडती.”

थांबा हा नानांचा खास विषय. त्यांच्या मते प्रवास कुणालाही करता येतो, थांबा मात्र थोड्यांनाच जमतो. गाडी दहा मिनिटं थांबली की अर्धे लोक ती किती वेळ थांबणार याची चौकशी करण्यातच दहा मिनिटं घालवतात. म्हणून नानांनी थांब्याचा क्रम ठरवून दिला होता. “पयली लघवी. मग पाणी. मग चहा. मग गाडीचा नंबर परत एकदा बघायचा, कारण डायव्हर गाडी हालवतो. आन काही झालं तरी गाडीकडं पाठ करून बसायचं नाय.”

आजकाल आमच्या सोसायटीतले निम्मे लोक विमानाने जाऊन येऊन असतात. कुणाचा मुलगा इथे, कुणाची सून तिथे. नाना स्वतः विमानात कधी बसले नाहीत, पण विमान मध्ये कुठेतरी काही तास थांबतं हे त्यांना कळलं आणि त्यांच्या ज्ञानाला नवं क्षेत्र मिळालं. पहिल्या मजल्यावरचे जोशीकाका मुलीकडे अमेरिकेला निघाले, मध्ये दोह्याला सहा तासांचा थांबा. नानांनी त्यांना खाली बाकावर बसवून सगळं समजावलं. काका परत आल्यावर आम्ही विचारलं, दोहा विमानतळ कसा आहे हो? म्हणतात फार सुंदर आहे. काका म्हणाले, “मला काय माहीत! मी सहा तास विमानाकडे तोंड करून बसलो होतो. आणि ते आमचं विमान नव्हतंच म्हणे.” जोशीकाकू मात्र विमानतळावरच्या दुकानांतून हिंडून, अत्तर घेऊन, दोनदा कॉफी पिऊन आल्या होत्या. त्यांनी नानांशी अबोला धरला नाही, उलट पेढे दिले.

नाना कुणासाठी गाडी थांबवत नसत, ही त्यांची ख्याती. आमदाराच्या मेहुण्यासाठी नाही, डेपो मॅनेजरसाठी नाही. याचा सगळ्यात गाजलेला किस्सा त्यांच्या बायकोचा, आणि तो सांगायच्याही त्याच. शकुंतलाकाकू बुटक्या, हसऱ्या, बोलताना पदराने सारखं तोंड पुसणाऱ्या. लग्नानंतरची पहिलीच वर्षं. त्या माहेरी निघाल्या होत्या, गाडीत पिशवी ठेवली आणि केळी घ्यायला उतरल्या. केळीवाला सुट्टे शोधत बसला. इकडे वेळ झाली. नानांनी खिडकीतून बघितलं, बायको केळ्यांच्या हातगाडीपाशी उभी दिसते आहे, आणि शिट्टी मारली. गाडी गेली. काकू केळ्यांचा फणा घेऊन खिडकीशी आल्या. नाना मान वर न करता म्हणाले, “मागची गाडी अडीचला.”

“मग तुम्ही काय केलंत?” आम्ही दर वेळी विचारायचो, उत्तर माहीत असूनही.

“काय करणार! बसले फलाटावर. सगळी केळी आजूबाजूच्यांना वाटली. ह्यांना एक नाही दिलं.” आणि पदराने तोंड पुसत हसत सुटायच्या.

नानांना यात हसण्यासारखं काही दिसत नसे. “आपल्या माणसासाठी थांबवायला लागलो तर मग सोडायची कुणासाठी? गाडीत पन्नास माणसं बसलेली असतात. त्यांचं कुणीतरी पुढं वाट बघतंच ना?” हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की त्यात खोट काढता येत नसे.

शकुंतलाकाकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली. सकाळी पोळ्या करताना छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. एकुलती मुलगी मंजू जर्मनीत. ती मिळेल त्या विमानाने निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरते, चारपर्यंत नाशिकला पोचते, असा हिशेब धरून अंत्यविधीची वेळ चारची ठरली. नानांनीच ठरवली आणि त्यांनीच सगळ्यांना कळवली. सायखेड्याची भावकी आली, कळवणचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर आले, आमची सोसायटी होतीच.

कसारा घाटात कंटेनर उलटला होता. मंजूची टॅक्सी अडकली ती अडकलीच. चार वाजले. नानांच्या थोरल्या भावाने सुचवलं, पोरगी येतेय, थोडं थांबू. नानांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “चारची वेळ दिलीय लोकांना. उचला.” त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत झाली नाही.

बायकांपैकी आम्ही तिघी-चौघी घरी थांबलो होतो. माझा फोन वाजला. मंजू होती. “ताई, घाट चढून आले, इगतपुरीला आहे. तासाभरात पोचते. नानांना म्हणावं थांबा. फोन उचलत नाहीयेत.” मी लगेच अमरधामला गेलेल्या माझ्या नवऱ्याला फोन लावला, त्याने तो नानांच्या कानाला लावला. मी सांगितलं, मंजू इगतपुरीला आहे. पलीकडे थोडा वेळ नुसतं लाकडं तडतडल्याचं ऐकू आलं. मग नाना म्हणाले, “गाडी सुटली, सेक्रेटरीबाई.”

मंजू आली ती घरभर हिंडली. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिली. सुतकातलं घर, काकूंनी मळलेली कणीक कुणी झाकून ठेवलेली, तीही तिने उघडून पाहिली. नानांशी एक शब्द बोलली नाही. रात्री माझ्याकडे झोपली आणि सकाळी निघून गेली. तिसऱ्या दिवसाला थांबली नाही, दहाव्याला नाही. निघताना नाना पार्किंगमध्ये उभे होते. शिट्टी वाजली नाही. थापाही नाहीत. टॅक्सी तशीच गेली.

त्यानंतर मंजू मला महिन्यातून एकदा फोन करायची. नानांची तब्येत, गोळ्या, जेवणाचं काय, दाढी करतात का. मी मुद्देसूद उत्तरं द्यायचे. शेवटी ती म्हणायची, “बरं, ठेवते.” नानांना फोन कधीच नाही. आणि नानाही मला कधी विचारायचे नाहीत. फक्त पहिल्या रविवारी संध्याकाळी, तिच्या फोनच्या सुमाराला, माझ्या दारात येऊन उभे राहायचे. “पाण्याचं काय झालं टाकीच्या?” टाकीला काहीही झालेलं नसायचं. मी टाकीची माहिती सांगायचे आणि बोलता बोलता मंजूचं बरं आहे, थंडी फार पडलीय म्हणते, असं घालून द्यायचे. “टाकी बराबर हाय म्हणजे,” असं म्हणून ते जायचे.

एकटेपणी नानांनी काय केलं, तर स्वयंपाक शिकले आणि शिट्ट्या वाढवल्या. शाळेच्या रिक्षालाही शिट्टी. कुरिअरवाल्यालाही थापा. शिवाय एक गाडगं. त्यांच्या तळमजल्याच्या घरामागे शेवग्याचं झाड आहे, त्याच्या फांदीला त्यांनी खताच्या पिशवीत गुंडाळलेलं एक गाडगं टांगून ठेवलं होतं. ते वाऱ्याने हलायचं, कावळे बसायचे, आणि सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत त्याच्यावर कुणीतरी बोलायचं. विद्रूप दिसतं. पोरांच्या डोक्यात पडेल. नाना दर वेळी सांगायचे, “दुधी भोपळ्याचं बी हाय. राहू द्या.”

माझं माहेर मखमलाबादकडचं, फुलांचा आणि भाजीचा मळा असलेलं. बियाणं मला कळतं. मी एकदा त्यांना म्हटलं, “नाना, तीन पावसाळे बाहेर टांगलेलं बी कुठे उगवायला बसलंय! उतरवा ते.” तर झाडाकडे बघत म्हणाले, “उगवायला नाय ठेवलेलं.” मी मनात म्हटलं, वय झालं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेतून मीच तो मुद्दा काढून टाकला.

आता मुख्य गोष्ट. गेल्या हिवाळ्यात मंजूचा फोन आला. ऑफिसच्या कामाला बंगळूरला येतेय. मुंबईत उतरायचं, चार तासांनी पुढचं विमान. नाशिकला यायला वेळ नाही. मी म्हटलं, “मग मी येते विमानतळावर. भेटू तरी.” ती हो म्हणाली. नानांना सांगू नकोस, असं ती म्हणाली नाही. मी नीट ऐकत होते. नव्हतीच म्हणाली.

त्या रविवारी नाना दारात आले, टाकीचं विचारलं. मी सांगितलं, “मंजूचा मुंबईला थांबा आहे. चार तासांचा.”

नाना दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, “कुठल्या फलाटाला लागते?”

तो आठवडा त्यांनी मला छळलं. विमानतळाला फलाट नसतात हे त्यांना पटेना. उतरलेल्या माणसाला बाहेर सोडतात का? परत आत घेतात का? बाकडी आहेत का? जेवायला बसता येतं का? मी माझ्या पद्धतीने सगळं विचारून घेतलं. ती बाहेर येऊ शकते, पुढच्या विमानासाठी वरच्या मजल्यावरून परत आत जावं लागेल, तपासणीला वेळ धरावा लागेल. नाना म्हणाले, “म्हणजे चारातला दीड-दोन तासच हातात. लय झाला. दहा मिनटात लोकं जेवून, भांडून, परत गोड होताना बघितलेत मी.”

निघायच्या सकाळी ते माझ्या गाडीपाशी आले तेव्हा इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात शिट्टी, हातात पितळी डबा. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, खुरासणीची चटणी. सगळं स्वतः केलेलं. समृद्धी महामार्गाने गेलो तर लवकर पोचू असं मी म्हटलं, तर त्यांना तो रस्ता मान्य नव्हता. “तिथं थांबे नायत.” म्हणून आम्ही जुन्या रस्त्याने घाटातून गेलो आणि तरीही एकाही ठिकाणी थांबलो नाही, कारण नानांनी थांबू दिलं नाही. शिट्टी मात्र निघताना वाजवली. डिकीवर थापा मारून धावत येऊन पुढच्या सीटवर बसले.

आम्ही फार लवकर पोचलो. बाहेर येणाऱ्यांच्या दाराशी कठडा आहे, त्याला टेकून लोक नावांच्या पाट्या घेऊन उभे असतात. नानांनी सगळीकडे नजर फिरवली आणि त्यांची निराशा झाली. “एवढा मोठा स्टँड आन पुकारायला माणूस नाय?” मी म्हटलं, पडद्यावर दिसतं. “दिसतं हो. पण ज्याला वाचता येत नाय त्यानं काय करायचं? अन् ज्याचा डोळा लागला त्यानं?” शेजारी गुलाबांचा गुच्छ घेतलेला एक तरुण उभा होता. नानांनी त्याला कोण येणार, कुठून येणार, किती वर्षांनी येणार हे सगळं विचारून घेतलं आणि त्याला कठड्याजवळची जागा दिली.

मग पडद्यावर मंजूच्या विमानापुढे उशीर असं आलं. पुढे पुन्हा आकडा बदलला. चार तासांचा थांबा बघता बघता आटायला लागला. आयुष्यभर नानांनी खिडकीतून हजारो लोकांना शांतपणे सांगितलं असेल, गाडी लेट आहे, बसा. आता ते दारावरच्या जवानापाशी गेले. परत आले. पुन्हा गेले. “चाचाजी, आएगी तो दिखेगी, आप पीछे रहिए,” जवान म्हणाला. नाना मागे आले. डबा या हातातून त्या हातात घेतला. “मी पण हेच सांगायचो,” म्हणाले. “असंच. ह्याच आवाजात.”

मंजू बाहेर आली. केस बारीक कापलेले, पाठीवर काळी बॅग, चेहरा प्रवासाने सुकलेला. तिने मला पाहून हात केला आणि मग माझ्या शेजारी कोण उभं आहे ते पाहिलं. हात तसाच राहिला. आम्ही तिघं समोरासमोर आलो. माझ्या डोक्यात बोलायची चार वाक्यं तयार होती.

नाना म्हणाले, “आधी लघवीला जाऊन ये.”

मंजू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून हसू फुटलं, अगदी काकूंसारखं, आणि ते तिने हाताच्या पालथ्या बाजूने पुसलं. “जाऊन आलेय, नाना.”

“पाणी?”

“प्यायले.”

“मग चल जेवायला. गाडीला लय वेळ नाय उरला.”

खांबाशेजारी एक लोखंडी बाकडं रिकामं मिळालं. नानांनी रुमाल अंथरला, डबा उघडला. लोक ढकलगाड्या घेऊन जात-येत होते. मंजूने भाकरी मोडली. ती नुसती जेवली. दुसरी भाकरी घेतली.

“कुणी केल्या?”

“मीच. काठ जाड राहतो अजून. तुझी आई फिरवायची तसं फिरत नाय हातात.”

मंजूचा घास थांबला. मी उठायला लागले, तिने माझं मनगट धरून मला खाली बसवलं. मग नानांकडे न बघता, भाकरीकडे बघत म्हणाली, “मी इगतपुरीला होते, नाना.”

“हो.”

“तासाभराचा प्रश्न होता.”

“हो.”

“माझ्या आईला तुम्ही एसटीसारखं सोडून दिलंत.”

नानांनी डब्याचं झाकण उचललं, पुसलं, परत ठेवलं. मला वाटलं, आता ते गाडीतल्या पन्नास माणसांचं सांगणार. ते म्हणाले, “सगळ्या नोकरीत एक गाडी लेट काढायला पायजे होती. ती तेवढी नाय काढली.” मग रुमालावरचा चुरा झटकला. “दहाव्याला रामकुंडावर गेलो. अस्थी हातात घेतल्या. गुरुजी म्हणाले, सोडा. अन् माझ्या ध्यानात आलं, मंजे, मी मागं कोणी राहिलंय का ते बघितलंच नव्हतं. जल्मभर ओरडलो, आन नेमकं त्याच दिवशी नाय बघितलं. मग सगळ्या नाय सोडल्या. मूठभर मागं ठेवल्या. गाडग्यात घालून शेवग्याला टांगल्यात. घरात ठेवत नायत म्हणून बाहेर.”

मंजूने मान वर केली.

“तुझ्या आईची गाडी उभी हाय अजून. थांबवून धरलीय. तुला सवड व्हईल तवा ये. घाई नाय.”

भोपळ्याचं बी. तीन पावसाळे. मी खांबाकडे तोंड केलं आणि पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधत बसले. वळून पाहिलं तेव्हा तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, हाताला भरीत लागलेलं तसंच, आणि नानांना आपला हात कुठे ठेवावा ते समजत नव्हतं. तो बाकड्याच्या कडेवर होता.

त्यांनीच आधी घड्याळ पाहिलं. “चल. तपासणीला रांग असती.”

“आहे अजून थोडा वेळ, नाना.”

“असू दे. धावत गाडी पकडायची नाय.”

वरच्या मजल्यावर दाराशी गेलो. तिने तिकीट दाखवायला मोबाईल काढला. उरलेली भाकरी आणि चटणी नानांनी तिच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबली आणि चेन ओढली. मग ती पाठ करून उभी राहिली. बॅग त्यांच्याकडे, तोंड दाराकडे. लहानपणापासून ती अशीच उभी राहत असणार. थापा पडल्याशिवाय निघायचं नाही.

नानांनी हात उचलला. बॅगेवर ठेवला. आणि तो तिथेच राहिला.

मागून लोक यायला लागले. दारावरचा जवान म्हणाला, “मॅडम, अंदर आइए या साइड में हो जाइए.” नाना हलले नाहीत. शेवटी मंजूने हात मागे नेला, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांचाच तळवा आपल्या बॅगेवर दोनदा आपटला. थप, थप. मग मागे न बघता आत गेली.

आत गेल्यावर मात्र काचेपाशी आली आणि मला खुणेने फोन दाखवला. माझा फोन वाजला. “ताई,” ती म्हणाली, “दोरी बघून घेशील का? उन्हापावसात कुजली असेल. मी येईपर्यंत तुटायला नको.” मी म्हटलं, बघते. आणखी काही बोलायच्या आत ती गेली होती.

परतीच्या वाटेवर नाना रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीची कामं लावत होते. नायलॉनची दोरी, जाड. सोसायटीत कुणाला काय सांगायचं ते. कदाचित भोपळ्याचंच बी. घाट चढून वर आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. इगतपुरीच्या पाट्या दिसायला लागल्या.

“इथं जरा थांबवता का?” नाना म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मी गाडी कडेला घेतली. मला वाटलं चहा हवा असेल, नाहीतर उतरायचं असेल. ते उतरले. पण टपरीकडे गेले नाहीत. रस्त्याच्या कडेला, नाशिककडे तोंड करून उभे राहिले. ट्रक जात होते, त्यांचा पांढरा शर्ट प्रत्येक ट्रकसरशी फडफडत होता.

मी काच खाली केली. “नाना?”

“इथून किती लागतं घरी?”

“तासभर.”

“तासभर,” ते म्हणाले.

मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला मालाची गाडी यायची होती. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.